५०० डॉलरची ग्रँट, ४० कुंड्या आणि शेजारच्या बाईंचं नाव (आपल्याकडे असं काही करता येईल का?)

मेथीची_जुडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलं लवकर झोपली म्हणून बसलेच. आम्ही व्हँकुव्हरला राहतो, शहराच्या पूर्वेला, जॉइस स्कायट्रेन स्टेशनजवळ. सगळ्या उंच बिल्डिंगा. इथं येऊन चार वर्षं झाली तरी आमच्या मजल्यावरच्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. लिफ्टमध्ये भेटलं की हाय, आज पाऊस आहे ना, हो आहे, संपलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या त्या नेमक्या ऑक्टोबरात, इथला पाऊस आपल्यासारखा धो धो पडून मोकळा होत नाही, दिवसभर रिपरिप, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर म्हणाल्या, "अगं मी आज तुझ्याशीच पहिल्यांदा बोलतेय, सकाळपासून." मला रात्री झोप आली नाही.

त्याच सुमाराला लायब्ररीत एक पत्रक दिसलं, नेबरहुड स्मॉल ग्रँट्स. व्हँकुव्हर फाउंडेशन म्हणून जुनी संस्था आहे, १९४३ पासूनची, त्यांनी १९९९ मध्ये ही योजना सुरू केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र आणणारं काहीही छोटंसं करायचं असेल तर ५०० डॉलरपर्यंत देतात. आणि मुख्य म्हणजे पैसे माणसाला देतात, संस्थेला नाही. ट्रस्ट नको, रजिस्ट्रेशन नको, ऑडिट नको. अटी साध्या, कार्यक्रम फुकट पाहिजे, सगळ्यांना खुला पाहिजे, आपल्याच भागात पाहिजे. अर्ज आपल्या भागातल्या नेबरहुड हाऊसकडे जातो (आपल्याकडचं समाजमंदिर आणि बालवाडी आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा एकत्र केला तर जे होईल तसं काहीतरी) आणि कुणाला द्यायचे ते त्याच भागात राहणारे लोक बसून ठरवतात.

मी अर्जात आधी दिवाळी फराळ लिहिला होता. तिथल्या बाईंनी वाचून फार प्रेमाने विचारलं, यातले किती लोक तुमच्या बिल्डिंगमध्ये राहतात? मी विचार केला तर एकही नाही, आमची सगळी मराठी मंडळी सरे नाहीतर कोक्विटलमला. म्हणजे मी जे लिहिलं होतं त्याने माझा मजला होता तसाच राहिला असता. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या मेथी लाव, मेथीला कुणी नाही म्हणत नाही. तेच लिहिलं. सगळ्यांनी मिळून कुंडीत मेथी पेरायची, तीन-चार आठवड्यांनी परत भेटून काढायची आणि एकत्र जेवायचं.

फॉर्ममध्ये मला सगळ्यात जड गेलेला प्रश्न म्हणजे ज्यांना तुम्ही ओळखत नाही त्यांना कसं बोलावणार. त्यावर दोन दिवस घालवले.

पुढचं उद्या लिहिते, मोठं झालंय.

निशिगंध

वाचतेय! मेथीचं पुढे काय झालं ते लवकर लिही गं. आणि सासूबाईंना नमस्कार सांग.

कर्वेनगरी

ताई फार छान विषय. मी पुण्याचा अनुभव लिहितो. आपल्या महापालिकेत नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, २००६-०७ च्या बजेटपासून, सहभागी अंदाजपत्रक म्हणतात. फॉर्म भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, एका कामाला ५ लाखांपर्यंत. मी तीन वेळा भरलाय आणि एकदा आमच्या गल्लीतला बाक मंजूर पण झाला, आजही आजोबा लोक तिथं बसतात, त्यामुळे योजना वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्यात बसतं ते काय, तर बाक, पदपथ, दिवे, पाट्या. म्हणजे ज्याचं टेंडर निघू शकतं ते. माणसं एकत्र आणायला पाच हजार रुपये द्या असा रकानाच त्या फॉर्मवर नाही. ५ लाखांचं काम सुचवणं सोपं आणि ५ हजारांचं अवघड, हे मला कायम खटकत आलंय.

सातारी_कंदी

मला एक समजत नाही. आपल्याकडे हे सगळं वर्गणीने होतच आलंय की. गणपती, भजनी मंडळ, गावजेवण, सप्ताह. सप्ताहाला पीठ कुणाचं, डाळ कुणाची, आचारी कुणाच्या ओळखीचा हे सगळं घरोघर फिरून ठरतं आणि त्या फिरण्यातच ओळख होते. बाहेरून पैसे आले की दार वाजवायचं कारणच संपतं. आमच्या वाडीला पाण्याच्या योजनेला १० टक्के लोकवर्गणी होती, लोकांनी कुरकुर केली पण ज्यांनी पैसे भरले ते नळ बिघडला की आपणहून धावत येतात अजून. ग्रँट घेतलेल्या कामाला कोण धावेल?

मेथीची_जुडी

@सातारी_कंदी दादा, तुमचा मुद्दा मला पटतो आणि त्याचंच उत्तर माझ्या गोष्टीत आहे असं वाटतं म्हणून आधी गोष्ट पूर्ण करते.

४७५ डॉलर मिळाले. आमच्या बिल्डिंगच्या कमिटीची (इथं स्ट्रॅटा म्हणतात) परवानगी मिळवायला मात्र पाच आठवडे गेले, मातीने फरशी खराब होईल म्हणून. शेवटी खाली ताडपत्री घालायचं कबूल केलं. ४० कुंड्या, माती, चिठ्ठ्यांची छपाई आणि उरलेले खाण्यावर. मेथीदाणे मेन स्ट्रीटवरच्या पंजाबी मार्केटातून आणले, सगळ्यात स्वस्त वस्तू तीच. चिठ्ठ्या मी दाराखालून सरकवणार होते पण फॉर्ममध्ये लिहून बसले होते की प्रत्येक दार वाजवून देईन, त्यामुळे वाजवावं लागलं. ११६ दारं. रोज संध्याकाळी मुलीला बरोबर घेऊन दोन मजले. पहिल्या दिवशी हात थरथरत होता हो खरंच. निम्म्या लोकांनी दार उघडलं नाही, काहींनी साखळी लावूनच ऐकलं, पण ज्यांनी उघडलं त्यांच्यातले बरेच म्हणाले, मी इथं अमुक वर्षं राहतोय, दार वाजवणारी तुम्हीच पहिली.

म्हणजे दादा, वर्गणी मागायला दार वाजवतो तसंच हे. फक्त मी काही मागत नव्हते. वर्गणी मागायला जायची माझी तिथं हिंमत झाली नसती, कोणत्या नात्याने मागणार, मी कोण त्यांची. नातं आधी असेल तर वर्गणी मागता येते. जिथं ते नाहीच तिथं सुरुवातीचे चार पैसे कुणीतरी दुसऱ्याने घालावेत असं मला वाटतं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ३१ लोक आले. आमच्या समोरच्या दारातल्या फिलिपिनो बाई, चार वर्षं फक्त हाय म्हणणाऱ्या, त्या त्यांची एक कुंडी घेऊन आल्या, दाखवतात तर काय, शेवगा! त्यांच्या भाषेत मलुंगाय. हिवाळ्यात खिडकीत ठेवून जपलेला. पाला चिकनच्या रस्सा-सूपमध्ये घालतात, तिनोला म्हणतात. मी म्हणलं आम्ही याच पाल्याची डाळ घालून भाजी करतो आणि शेंगा आमटीत, तर त्यांचा विश्वासच बसेना. नवव्या मजल्यावरचे चिनी आजोबा इंग्रजी बोलत नाहीत, त्यांच्या नातवाने सांगितलं की त्यांना कारलं लावायचंय पण वेल चढवायला जागा नाही. फिलिपिनो बाई म्हणाल्या आम्ही पण कारलं खातो. मी म्हणलं आम्ही पण. तिघं तीन देशांचे आणि कडू कारल्यावर एकमत, त्या आजोबांचा चेहरा काय खुलला होता तेव्हा.

२४ दिवसांनी मेथी काढली आणि मी थेपले नाही, साधी लसूण घालून परतलेली भाजी आणि भाकरी केली. पुढच्या वर्षी सासूबाई आल्या तेव्हा समोरच्या बाई त्यांना न्यायलाच यायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. "लोला" म्हणजे आजी एवढं सासूबाई शिकल्या आणि त्या बाई "बसा" आणि "चहा" शिकल्या. दुपारी दोन ते चार पाला निवडत बसायच्या.

कारल्याचा वेल आता बिल्डिंगच्या मागच्या जाळीवर आहे. त्याला आम्ही ग्रँट मागितली नाही, सात जणांनी पैसे काढले. म्हणजे वर्गणी आली दादा, पण दुसऱ्या वर्षी आली.

सातारी_कंदी

ताई, पटलं. "दुसऱ्या वर्षी आली" हे मी लक्षात ठेवीन.

पावसाळी_सिॲटल

आमच्या शहराची योजना मला वाटतं सातारी_कंदींना जास्त आवडेल. नेबरहुड मॅचिंग फंड, १९८८ पासून आहे. शहर जेवढं देणार तेवढ्याच्या बरोबरीने तुम्ही काहीतरी घालायचं, पण पैसेच पाहिजेत असं नाही. श्रमदानाचे तास धरतात. एका तासाची किंमत ठरलेली असते, किती जणांनी किती तास काम केलं त्याची वही ठेवायची. कुणी लाकूड दिलं, कुणी डिझाइन करून दिलं, सगळं मोजतात. इथल्या कित्येक सामुदायिक भाजीबागा (पी-पॅच म्हणतात) यातून उभ्या राहिल्या. फ्रीमाँट भागात ऑरोरा पुलाखाली तो प्रचंड काँक्रीटचा राक्षस आहे ना, मुठीत गाडी धरलेला, त्याला पण या फंडाचा हातभार होता.

मी आमच्या बागेत दोन उन्हाळे खडी उचलायला गेलोय. तासांच्या वहीत सही करताना फार भारी वाटायचं, कारण त्या वेळी माझी नोकरी गेलेली होती, द्यायला पैसे नव्हते, पण माझा तास आणि शेजारच्या डॉक्टरचा तास वहीत सारखाच लिहिला जायचा.

वाचनालय_आमचं

मी एका छोट्या गावातलं वाचनालय बघतो, ड वर्ग. शहरातल्या लोकांना कदाचित माहीत नसेल, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अशी हजारो वाचनालयं अनुदानावर चालतात, अ ब क ड वर्ग आहेत. ड वर्गाला कित्येक वर्षं वर्षाला ३०,००० होते, मग ६० टक्के वाढ झाली. त्यात पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. ग्रंथपालाला महिन्याला काय पडत असेल तुम्हीच हिशोब करा. आणि ते दोन हप्त्यांत येतं, मार्चच्या तोंडावर आलेल्या हप्त्याची पुस्तकं घाईघाईने घ्यावी लागतात.

तरी पण सांगतो, गावात जात, भावकी, पक्ष हे सगळं बाजूला ठेवून लोक जिथं शेजारी शेजारी बसतात ती जागा आमच्याकडे एकच आहे आणि ती पेपरच्या टेबलाची. एक भाऊ कोर्टात दुसऱ्याच्या विरोधात उभा असतो आणि सकाळी साडेआठला दोघं त्याच पेपरची पानं वाटून वाचतात. बायका येत नव्हत्या. मग मी गुरुवार दुपार फक्त बायकांची ठेवली आणि एका ताईंनी चहासाठी वर्षभराचे पैसे दिले, १,८०० रुपये. तेवढ्यावर १४ जणी नियमित यायला लागल्या. अनुदानाच्या कुठल्याच खात्यात चहा बसत नाही. मला मोठी रक्कम नकोय, चहाला पैसे देणारं खातं पाहिजे.

निशिगंध

"चहाला पैसे देणारं खातं" 🙏 रडू आलं मला वाचून.

लीथकर

एडिंबरातल्या लीथमधून. आमच्याकडे २०१० पासून लीथ डिसाइड्स म्हणून होतं, आता नाव बदललंय, छोट्या प्रकल्पांना तेव्हा १,००० पाउंडापर्यंत मिळायचे आणि कोणाला द्यायचे ते परिसरातले लोक मत देऊन ठरवतात. हॉलमध्ये सगळ्यांची टेबलं मांडलेली असतात, आपण फिरायचं, बोलायचं, मग मत द्यायचं. तो दिवसच खरंतर मोठा शेजारमेळावा असतो.

पण एक अडचण बघितलेली सांगतो. ज्याची ओळख जास्त त्याला मतं जास्त. आमच्या इथं एक सुदानी आई आपल्यासारख्याच नव्या आलेल्या बायकांसाठी शिवणवर्ग मागत होती, तिच्याकडे मत द्यायला येणारे लोकच नव्हते, कारण ज्यांची कुणाशी ओळख नाही त्यांच्यासाठीच तर ते होतं. त्या वर्षी राहिलं. पुढच्या वर्षी आम्ही काही जण तिच्या टेबलापाशी उभे राहिलो आणि लोकांना ओढून आणलं. मत घेणार असाल तर अशा टेबलापाशी कुणीतरी उभं राहायला पाहिजे हे आधीच ठरवून ठेवा.

पावसाळी_सिॲटल

@मेथीची_जुडी तुमच्या त्या फाउंडेशनने २०१२ ला एक मोठी पाहणी केली होती ना, लोक एकटे का पडतात त्यावर? मी वाचलं होतं.

मेथीची_जुडी

हो. चारातला एक जण म्हणाला होता की मला नको तितका वेळ एकट्याने काढावा लागतो. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली. लोक परिसरातल्या कार्यक्रमांना का जात नाहीत याचं सगळ्यात जास्त वेळा दिलेलं कारण वेळ नाही हे नव्हतंच, तर माझ्याकडे देण्यासारखं काही विशेष नाही असं वाटतं, हे होतं. सासूबाई पण अगदी हेच म्हणायच्या, मला इंग्रजी येत नाही, मी तिथं येऊन काय करू. आणि मेथी कशी पेरायची, किती दाट, वरून माती किती, हे सगळ्या ३१ जणांना सासूबाईंनीच फोनवरून शिकवलं. मी नुसती भाषांतर करत होते.

कर्वेनगरी

आठवडाभर हा धागा डोक्यात होता. मी एक ठरवलंय, सगळ्यांचं मत पाहिजे.

बॉस्टनला २००९ मध्ये काही मित्रांनी ऑसम फाउंडेशन म्हणून सुरू केलं, आता जगभर त्याच्या शाखा आहेत. दहा जण दर महिन्याला १०० डॉलर काढतात, १,००० होतात, आणि ते एका माणसाला त्याच्या कल्पनेसाठी देऊन टाकतात. परतफेड नाही. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली ही तर भिशी झाली. आणि खरंच आहे की! दहा जणांची भिशी, फक्त नंबर आपल्यातल्या कुणाचा लागत नाही, बाहेरच्याचा लागतो. मग आम्ही तेच नाव ठेवलं, बाहेरची भिशी. महिन्याला ५०० रुपये, दहा माणसं, ५,००० रुपये. ट्रस्ट करायचा नाही, स्वतःचा पैसा स्वतःच्या हाताने द्यायचा. आमच्या चार सोसायट्या आणि मागची चाळ एवढाच परिसर. अर्जात तीनच प्रश्न, काय करणार, पैसे कशावर लागतील, आणि ताईंच्या फॉर्ममधला तो जड प्रश्न.

सातारी_कंदी

मी पुण्यात नाही पण एक नंबर माझा धरा. आणि एक विनंती, सोसायटीत भाड्याने राहणाऱ्यांना अर्ज करू द्या. गणपतीच्या वर्गणीत त्यांचे पैसे घेतात आणि मीटिंगला बोलवत नाहीत, हे माझ्या मुलाने पुण्यात भोगलंय.

वाचनालय_आमचं

पावती मागा पण छळू नका. साध्या कागदावर लिहिलेला हिशोब चालेल असं सांगा, आमच्यासारखे लोक फॉर्म बघूनच मागे फिरतात. आणि खाण्यावर खर्च करू नये अशी अट कृपा करून घालू नका.

लीथकर

अनुमोदन. आणि दहा जणांत तरुण मुलं आणि चाळीतलं कुणीतरी पाहिजेच, नाहीतर दहाही जणांना एकाच प्रकारचे अर्ज आवडतील.

कर्वेनगरी

सगळं मान्य. दहात दोन जण चाळीतले आहेत, त्यांचे ५०० आम्ही बाकीचे वाटून भरतोय, त्यांचं मत मात्र बाकीच्यांइतकंच मोजायचं.

सोसायटीच्या गेटवर आणि चाळीच्या नळापाशी कागद लावला आणि पाच अर्ज आले. एक क्रिकेटच्या किटचा, एक भिंत रंगवायचा, एक मंगळागौरीच्या खेळांचा, एक कुत्र्यांच्या लसीकरणाचा. आम्ही पाचव्याला दिले. आमच्या बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या चार मुली आहेत, लातूर आणि परभणीकडच्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांनी लिहिलंय की आमच्या चारही विंगांमध्ये एकटे राहणारे आजी-आजोबा खूप आहेत, मुलं परदेशात, आणि आम्हाला घरच्या जेवणाची आठवण येते. महिन्यातून दोन रविवार गच्चीवर पिठलं-भाकरी करायची, भाकऱ्या आम्ही थापणार, आजींनी शेजारी बसून चुका सांगायच्या. ज्यांना गच्चीवर चढवत नाही त्यांच्या घरीच जाऊन करायची. चूल नाही, दोन शेगड्या आणि सिलेंडरचे पैसे, ज्वारीचं पीठ, आणि ताटं भाड्याने. ४,३०० रुपयांचा हिशोब दिलाय, ७०० परत करू म्हणतात.

मेथीची_जुडी

अहो काय सुंदर अर्ज आहे हा. ७०० परत घेऊ नका, लिफ्ट बंद असेल त्या दिवशी रिक्षाला नाहीतर औषधाला लागतील. आणि जड प्रश्नाचं काय लिहिलंय मुलींनी? ओळख नसलेल्यांना कसं बोलावणार?

कर्वेनगरी

एकच ओळ आहे. "दार वाजवून, आम्ही चौघी मिळून, आणि दार उघडलं नाही तर पुढच्या दिवशी परत." उद्या संध्याकाळी ए विंगपासून सुरू करतायत. माझी आई म्हणाली मी पण येते त्यांच्याबरोबर, मला त्यातल्या निम्म्यांची नावं माहीत नाहीत.